पुढच्या चाकांचं माप

अण्णाने फेकलेली टॉमी माझ्या मनगटावर बसली तेव्हा आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेली माणसं होतो. टॉमी म्हणजे रिमवरून टायर उपसून काढायची लोखंडी पट्टी. हाड मोडलं नाही, पण मनगट वांग्यासारखं सुजलं आणि बरेच दिवस जांभळं राहिलं. मीही गप्प बसणारी नव्हे. हाताशी रबरी हातोडा होता, तो उचलून मी त्याच्या खांद्यावर हाणला. मग दोघं शेडच्या उंबऱ्यावर दम खात बसलो. भांडण कशावरून, तर मोटारीच्या पुढच्या टायरांची रुंदी किती ठेवायची यावरून.

आमच्या घरात हातांनी बोलायची पद्धत जुनीच. आमचं घराणं बसवनगुडीतलं, कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याचे पाहुणे हसतात. थोरला भाऊ म्हणजे अण्णा आणि धाकटी बहीण म्हणजे तंगी. पाहुणे विचारायचे, हिचं नाव तंगी का, घरात कसली तंगी होती? तंगी एकाच गोष्टीची नव्हती, माराची. वडील मोटारीच्या जुन्या फॅनबेल्टने मारायचे. आधी अण्णाला, मग मला, आणि मला मारताना अण्णा मध्ये पडला तर पुन्हा अण्णाला. शाळेत शेजारी बसणारी मुलगी माझ्या पोटऱ्यांवरचे वळ बघून विचारायची, तर मी सांगायची, झोपाळ्यावरून पडले. अण्णा काही सांगायचा नाही. तो विचारणाऱ्यालाच ठोसा द्यायचा.

मोठेपणी अण्णा सरकारी कारखान्यात यंत्रांवर काम करून निवृत्त झाला. मी मोटार विम्याची सर्व्हेअर झाले. अपघात झालेली गाडी तपासायची, आधी कुठला पत्रा वाकला, काय तुटलं, कशाने तुटलं ते ठरवायचं, हे माझं काम. काचेत अडकलेले केस, सीटवर वाळून काळं पडलेलं रक्त, छातीच्या धक्क्याने वाकलेलं स्टिअरिंग, हे मी इतकं पाहिलंय की जेवणाच्या ताटावरसुद्धा त्याबद्दल बोलते आणि मग घरातले उठून जातात.

अण्णाला ती मोटार एका जुन्या बंगल्यात मिळाली. तिथली माणसं परदेशी कायमची निघाली होती आणि गॅरेजात ती धूळ खात उभी होती. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी, दोनच दारं, लांबलचक बॉनेट आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. मसल कार म्हणतात हिला. स्टिअरिंग डावीकडे, पुढची सीट बाकासारखी सलग. खालून गंजून चाळण झालेली. अण्णाने होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या माणसाच्या शेडचा एक कोपरा मिळवला आणि निवृत्तीनंतरचे सगळे रविवार तिथे घालवले. मीही जायची. आमच्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर जमलं होतं, ते त्या गाडीवर.

इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला. राहिली चाकं.

"मागे दोनशे पंचेचाळीस, पुढेही दोनशे पंचेचाळीस," अण्णा म्हणाला. हे आकडे मिलिमीटरचे, टायरच्या रुंदीचे. "समोरून बघितली की गाडीची छाती दिसली पाहिजे."

"छाती दिसेल, पण वळणार नाही," मी म्हटलं. "मागे रुंद घाल, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आहे. पुढे दोनशे पाच घाल, स्वल्प उंच बाजूचा, म्हणजे चाकाची उंची मागच्याच्या जवळपास येते. हिला पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर उभ्या गाडीत फिरवून बघ, खांदा निखळेल."

"दोनशे पाच? ते आपल्या समोरच्या घरातल्या प्रोफेसरांच्या गाडीला आहेत."

"मग? प्रोफेसर वळतात ना?"

पण खरी अडचण खांद्याची नव्हती, मडगार्डची होती. चाक वळलं की त्याची एक कड आत जाते आणि दुसरी बाहेर येते. बाहेर येणाऱ्या कडेला मडगार्डचा आत दुमडलेला पत्रा असतो, धारदार. टायर जितका रुंद तितका तो त्या पत्र्याच्या जवळ. मी घरून कणीक भिजवून नेली. मडगार्डच्या आतल्या कडेला तिचे गोळे चिकटवले, रुंद टायर लावला आणि अण्णाला स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायला सांगितलं. गोळा चेपला, पण फाटला नाही. बोटभर जागा उरली होती.

"सरी? झालं समाधान?" अण्णा म्हणाला.

"ही उभी गाडी आहे. ब्रेक मारलास की नाक खाली जातं. नाक खाली आणि चाक वळलेलं, दोन्ही एकदम झालं तर ही बोटभर जागा राहत नाही. स्प्रिंग काढ, चाक जॅकने पूर्ण वर उचल, मग फिरवून बघू."

अण्णाचा चेहरा बदलला. कारण मला माहीत होतं. पुढची स्प्रिंग बसवताना तिला दाबून धरणारा शिकंजा सटकला होता. मनगटाएवढ्या जाडीची ती स्प्रिंग सुटली, अण्णाच्या कानाजवळून गेली आणि शेडचा पत्रा भोसकून बाहेर पडली. त्या दिवशी अण्णा किती तरी वेळ जमिनीवर बसून राहिला होता, कान हाताने झाकून. त्या भोकातून उजेडाची तिरीप यायची आणि तो तिकडे पाठ करून काम करायचा.

"स्प्रिंग काढायची नाही," तो म्हणाला.

"भीती वाटते तर मी काढते."

एवढंच बोलले मी. टॉमी त्याच्या हातात होतीच.

त्यानंतर आम्ही मापाबद्दल बोललो नाही. त्याने पुढे रुंद टायर बसवले. मी सुजलेल्या मनगटावर हळद बांधून नट आवळायला मदत केली. का केली, हे मला आजही सांगता येत नाही. मारामारी झाल्यावर एकमेकांचं काम करून द्यायचं, हा आमच्याकडचा समेट होता. वडीलही मारल्यावर संध्याकाळी आम्हाला डोसा खायला न्यायचे.

पहिल्याच फेरीत गाडीने अण्णाचा अंगठा मुरगाळला. रुंद टायर रस्त्यावरची प्रत्येक चर पकडायचे आणि तिच्या मागे जायचे. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत चाक उतरलं आणि स्टिअरिंग त्याच्या हातातून असं काही हिसकलं गेलं की आडवा दांडा अंगठ्यावर आपटला. अण्णा शिव्या देत हसला. "जिवंत आहे," म्हणाला. आठ सिलिंडर गुरगुरत होते, सीट थरथरत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. आम्हा दोघांना जे घाबरवतं तेच आवडतं.

अपघात झाला तो सकाळचा. आम्ही शेडमधून निघून बंगळूरकडे येत होतो. अण्णा डावीकडे स्टिअरिंगवर, मी उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला. पुढचं वाहन ओलांडायचं असेल तर मलाच बघून सांगावं लागायचं. पुढे एक बस चालली होती. ती थांबा नसलेल्या जागी अचानक थांबली.

"उजवीकडे मोकळं आहे!" मी ओरडले.

अण्णाने ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग उजवीकडे मारलं. नाक खाली गेलं. डाव्या पुढच्या चाकातून कापड फाडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ स्फोट. गाडी उजवीकडे जाता जाता वाट बदलून डावीकडे ओढली गेली. बसच्या मागच्या कोपऱ्याला घासून आम्ही रस्त्याच्या कडेला घुसलो आणि तिथून येणाऱ्या मोटारसायकलला धडकलो. स्वार बॉनेटवर आपटला. मी त्याचा चेहरा काचेपलीकडे पाहिला, हेल्मेटच्या चौकटीत उघडं तोंड. मग तो घसरून खाली गेला आणि त्याची मोटारसायकल त्याच्यावर पडली.

गाडी थांबली. क्षणभर नुसती वाफ.

माणसं कुठून येतात कळत नाही. रस्ता रिकामा असतो आणि मग नसतो. त्यांनी अण्णाच्या बाजूचं दार उघडलं, त्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर ओढलं. "होडी, होडी!" कुणीतरी ओरडत होतं. आम्ही लहानपणी हसायचो, मराठीत होडी म्हणजे पाण्यातली नाव आणि कन्नडात होडी म्हणजे मार. पहिला फटका तोंडावर बसला, त्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला. अण्णाने उलट ठोसा मारला. तो मारणारच. त्याने ज्याला मारलं त्याचं नाक फुटलं, आणि मग त्यांनी अण्णाला खाली पाडलं.

मी माझ्या बाजूने उतरले, बॉनेटला वळसा घालून धावले. अण्णा कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर. फॅनबेल्टच्या वेळी तो असाच पडायचा. लाथा पाठीत बसत होत्या, बरगड्यांत बसत होत्या, आणि लाथ बसली की त्याच्या तोंडून भाता दाबल्यासारखा आवाज यायचा. मी त्याच्यावर आडवी पडले. "बिडी, बिडी, सोडा, सोडा, माझा अण्णा आहे!" मी कन्नडात ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, "अक्का, बाजूला व्हा." अक्का म्हणत होते आणि लाथा मारत होते. मग एका हेल्मेटचा फटका माझ्या भुवईवर बसला. तो माझ्यासाठी नव्हता, पण लागला मला. डोळ्यात रक्त उतरलं आणि उजवीकडचं सगळं तांबडं झालं.

थांबवलं त्यांना त्या मोटारसायकलवाल्यानेच.

तो अजून तिथेच पडला होता. त्याची मोटारसायकल त्याच्या पायावर होती, तापलेला सायलेन्सर त्याच्या पोटरीला चिकटला होता आणि इतक्या माणसांतला एकही माणूस त्याच्याकडे गेला नव्हता. सगळे त्याच्यासाठी न्याय करण्यात गुंतले होते. त्याने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं आणि गळा फाडून ओरडला, "अरे, त्याला नंतर मारा! आधी माझ्यावरची गाडी उचला!"

सगळे वळले. माझ्या अंगावरचा पाय मागे गेला. अण्णा मला बाजूला सारून उठला. एक दात ओठाला अडकलेला, शर्ट फाटून लोंबतोय, आणि तो तसाच वाकडा वाकडा चालत मोटारसायकलपाशी गेला. त्याने हँडल धरलं. ज्याचं नाक त्याने फोडलं होतं तो दुसऱ्या बाजूला आला. दोघांनी एकमेकांकडे न बघता ती उचलली. पायाचं हाड गुडघ्याखाली वाकलं होतं. स्वार किंचाळला आणि त्याने समोर आलेला अण्णाचा हात घट्ट धरला. तो हात कुणाचा हे त्याला त्या वेळी कळलं होतं का, मला माहीत नाही.

दवाखान्यात तिघंही एकाच खोलीत होतो, मध्ये हिरवे पडदे. स्वाराच्या पायात ऑपरेशन करून धातूची पट्टी घालावी लागणार होती. अण्णाच्या बरगड्या मोडल्या होत्या. माझ्या भुवईला टाके घालताना पडद्याआडून अण्णाचा आवाज आला.

"तंगी, डोळा शाबूत आहे?"

"आहे."

"बरं."

पोलिसांनी जबाब घेतला, गाडी नेली. केस झाली, ती व्हायलाच हवी होती. काही दिवसांनी ठाण्याच्या आवारात जाऊन मी गाडी पाहिली. माझं कामच ते, फक्त या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. डाव्या पुढच्या टायरच्या बाजूला विळ्याने चिरल्यासारखी लांब फट होती. मडगार्डच्या दुमडीला काळं रबर चिकटलं होतं आणि तेवढी कड घासून चकचकीत झाली होती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर दोन ओळींत लिहून मोकळी झाले असते. मी तिथेच बंपरवर बसले आणि रडले. मी बरोबर होते याचा मला कसलाच आनंद झाला नाही. उलट राग आला, अण्णाचा, माझा, आणि शेडमध्ये नट आवळणाऱ्या माझ्या हातांचा.

अण्णा बरा झाल्यावर त्या स्वाराच्या घरी गेला. मी सोबत होते. तो सर्जापूर रोडच्या बाजूला राहायचा, तिथल्या एका मोठ्या सोसायटीत लिफ्टची देखभाल करायचा. दार त्याच्या बायकोने उघडलं. अण्णाला ओळखताच तिने हातातला स्टीलचा पेला त्याच्या तोंडावर फेकला. पेल्यात ताक होतं. पेला कपाळाला लागून खणखणत जिन्यावरून खाली गेला. मला पुढचं माहीत होतं, मी ते आयुष्यभर पाहिलं होतं. अण्णाची मूठ आवळली. मानेची शीर फुगली. मग तो खाली वाकला, जिना उतरला, पेला घेऊन वर आला आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवला. ताक त्याच्या भुवईवरून ओघळत होतं.

आतून स्वार म्हणाला, "येऊ दे त्यांना. मला काठी धरून बाथरूमपर्यंत न्यायला कुणीतरी हवंच आहे."

अण्णा आत गेला. पुढेही जात राहिला. त्यांच्यात काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. बायको त्याला कधी चहा देत नव्हती, एवढं त्याने सांगितलं.

गाडी सुटून शेडवर आली तेव्हा मला वाटलं होतं, आता अण्णा ती विकेल. त्याने शिकंजा काढला, त्याला जाड साखळी गुंडाळून दुहेरी बांधली आणि म्हणाला, "तू लांब उभी राहा." पाना त्याच्या हातातून दोनदा पडला. स्प्रिंग हळूहळू निघाली. तिच्यातला जोर संपेपर्यंत त्याने शिकंजा सोडला नाही. मग आम्ही चाक जॅकने शेवटपर्यंत वर उचललं. दोनशे पंचेचाळीस पत्र्यात रुतला, नीट दिसेल इतका. दोनशे पंधरा एका बाजूला फिरला, दुसऱ्या बाजूला अगदी घासला. दोनशे पाच दोन्हीकडे मोकळा फिरला, मध्ये माझी तर्जनी आणि मधलं बोट मावली.

"घे तुझं माप," अण्णा म्हणाला. चुकलो, असं तो म्हणाला नाही. मी वाटही पाहिली नाही.

नवे टायर घालून आम्ही गाडी प्रथमच बसवनगुडीत आणली. अण्णा चालवत होता. देवळाजवळच्या वळणावर एक ऑटो आमच्या नाकासमोरून आडवी गेली. अण्णाने ब्रेक मारला, चाक वळवलं, नाक खाली गेलं आणि काहीही झालं नाही. गाडी जिथे थांबायची तिथे थांबली. मी देवाचं नाव घ्यायच्या आत अण्णा दार उघडून खाली उतरला होता. त्याने ऑटोवाल्याची कॉलर धरली आणि त्याला सीटवरून अर्धा बाहेर ओढला. ऑटोवाला पिकल्या केसांचा, बारीक माणूस. अण्णाचा दुसरा हात वर गेला.

बघणारे जमू लागले होते. मी ओरडले नाही. मध्येही पडले नाही. सलग सीटवरून मी डावीकडे सरकले, क्लच दाबला, गियर टाकला आणि गाडी हलवली. वळणावर स्टिअरिंग जड लागेल असं वाटलं होतं, पण ते माझ्या दोन हातांनी, टॉमी लागलेल्या मनगटानेसुद्धा, सहज फिरलं. आरशात अण्णा दिसला. हात अजून वरच होता, पण तो ऑटोवाल्याकडे नाही, गाडीकडे बघत होता. मी ती थेट माझ्या घरी नेली आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

त्याने त्या माणसाला मारलं का, हे मी कधी विचारलं नाही. तो आठवडाभर आला नाही, फोनही केला नाही. मग रविवारी सकाळी फाटक वाजलं. अण्णा गाडीपाशी उभा होता. पुढच्या डाव्या टायरला बुटाच्या टोकाने दाबून बघत होता.

"स्टिअरिंग कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"हलकं आहे."

"घासत नाही ना?"

"नाही."

तो वळसा घालून उजव्या बाजूला गेला, दार उघडलं आणि माझ्या नेहमीच्या जागी बसला. मी किल्ली आणायला आत गेले.